हे तुला कोणी सांगितलं?

उंबरठा | सोमवार, रात्री १०:४०

कालची गोष्ट. आमचे चिरंजीव, वय वर्षं सात. आजवर आंघोळीला निघाले की टॉवेल खांद्यावर, बाकी अंगावर काही नाही, अशी घरभर मिरवणूक असायची. आजी ओरडायची, हा फिदीफिदी हसायचा. काल गिझर बिघडला म्हणून मी गॅसवर पाणी तापवलं, विसण घालून बादली भरली आणि बाथरूमपाशी गेलो, तर दार बंद. आतून कडी.

"बाबा, बादली तिथेच ठेव आणि तू जा."

"अरे, का?"

"मी कपडे काढलेत ना!"

माझ्या तोंडून काय निघावं? "हे तुला कोणी शिकवलं रे?"

रात्री आडवा झाल्यावर लक्षात आलं, हा प्रश्न माझा नाही, फार जुना आहे. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात. आदाम आणि हव्वेने बऱ्यावाइटाचं ज्ञान देणाऱ्या झाडाचं फळ खाल्लं, त्यांचे डोळे उघडले, आपण नागडे आहोत हे कळलं. अंजिराची पानं शिवून कमरेला गुंडाळली. देव बागेत फिरायला आला तेव्हा दोघे झाडांआड. आदाम म्हणतो, नागडा होतो म्हणून लपलो. त्यावर देव विचारतो, तू नागडा आहेस हे तुला कोणी सांगितलं? फळ खाल्लंस का, हे त्यानंतर.

मग आठवला आपला ऋष्यशृंग. महाभारताच्या वनपर्वात लोमश ऋषी पांडवांना ही गोष्ट सांगतात. विभांडक ऋषीने पोराला रानात एकट्याने वाढवलं. पोराने बापाशिवाय दुसरं माणूस पाहिलेलं नाही, बाई तर नाहीच. तिकडे अंगदेशात पाऊस नाही, आणि हा मुलगा राज्यात आला तरच पडेल असं ब्राह्मणांनी सांगितलेलं. राजा लोमपाद गणिका पाठवतो. बाप संध्याकाळी आश्रमात परततो तर समिधा आणलेल्या नाहीत, अग्निहोत्र झालेलं नाही, पोरगं शून्यात बघतंय. बाप विचारतो, आज इथे कोण आलं होतं?

तिसरा शुद्धोदन. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांच्या प्रस्तावनेत, निदानकथेत, सिद्धार्थ रस्त्यावर म्हातारा बघून रथ मागे फिरवतो, तेव्हा राजाची चौकशी हीच: माझा मुलगा इतक्या लवकर परत का आला?

तीन राखणदार, तिघांचा एकच प्रश्न. आपण या कथा 'मानवाने निरागसता गमावली' म्हणून वाचतो. मला काल बादली हातात धरून वाटलं की गमावलं ते माझं काहीतरी. तो आत मजेत गाणं म्हणत होता.

तुम्हाला काय वाटतं? आणखी अशा कथा असतील तर त्याही येऊ द्या.

पिंपळपान | सोमवार, रात्री ११:०५

पहिला नंबर. छान लिहिलंय. पण सात वर्षांच्या मुलाच्या हाती गरम पाण्याची बादली देऊन जाऊ नका हो.

उंबरठा | सोमवार, रात्री ११:०९

विसण घातलं होतं असं लिहिलंय की वर! कोमट होतं.

वसईची_केळी | सोमवार, रात्री ११:४८

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट दर वर्षी व्हायची, आणि चित्रात दर वर्षी सफरचंद. मूळ कथेत सफरचंद कुठेच नाही, नुसतं 'फळ' आहे. लॅटिनमध्ये 'मालुम' म्हणजे वाईट, आणि जवळपास तसाच उच्चार असलेला शब्द सफरचंदालाही. त्या गमतीतून हे फळ चिकटलं असं मानतात. ज्यू पंडितांच्या चर्चेत द्राक्ष आहे, अंजीर आहे, आणि चक्क गहू आहे. गहू का, तर धान्याची चव घेतल्याशिवाय लेकराला 'आई', 'बाबा' अशी हाक मारायचं ज्ञान येत नाही. तालमुदातला हा युक्तिवाद मला फार आवडतो. आपल्याकडे उष्टावण करतो ते उगाच नाही!

अजून एक. हिब्रूत 'नागडा' आणि 'धूर्त' हे शब्द कानाला जवळजवळ एकच लागतात, अरोम आणि अरूम. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या ओळीत ती दोघं नागडी आहेत आणि त्यांना लाज नाही, आणि लगेच पुढच्या ओळीत सर्प सगळ्या प्राण्यांत धूर्त आहे. अध्याय पाडले गेले शेकडो वर्षांनी, त्यात नेमकी ही जोडी मधोमध तुटली.

मराठी वाचकांसाठी: ही कथा मराठी ओवीत १६१६ सालीच छापून आलेली आहे. गोव्यात राचोल इथे, फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण. साडेदहा हजारांहून जास्त ओव्या, लिपी मात्र रोमन.

आणि उंबरठा, तुम्ही एक ओळ सोडलीत. शिक्षा सुनावून झाल्यावर, हाकलून देण्याआधी, देव त्या दोघांना कातड्याचे अंगरखे करून घालतो. पानांचे कपडे टिकणार नाहीत हे त्याला दिसत असणार. माझी आजी इथवर आली की थांबायची आणि म्हणायची, "शेवटी बाप तो."

दर्यासारंग | मंगळवार, सकाळी ७:१५

रत्नागिरीहून. कुराणातला वृत्तांत थोडा वेगळा पडतो. तिथे पाय दोघांचा घसरतो, खापर एकट्या बाईवर नाही. सैतान झाडाचं वर्णन ज्ञानाचं झाड असं करत नाही, अमरत्वाचं झाड म्हणून भुरळ घालतो. आणि ज्ञान तर आदमला आधीच दिलेलं आहे. सगळ्या वस्तूंची नावं अल्लाहने स्वतः शिकवली, जी फरिश्त्यांनाही सांगता आली नाहीत. चूक झाल्यावर माफी कशी मागायची ते शब्दही त्यानेच शिकवले आणि माफ केलं. पाप पिढ्यान्‌पिढ्या अंगाला चिकटलं, असं आमच्याकडे नाही. म्हणजे 'कोणी शिकवलं' याचं उत्तर निम्म्याहून जास्त वेळा 'बापानेच' असं येतं. तुमच्या पोराला 'कपडे घालून फिर' असं कोणी सांगितलं होतं, आठवून बघा.

उंबरठा | मंगळवार, सकाळी ८:०२

@दर्यासारंग, आजीनेच. रोज. सात वर्षं. काय बोलणार आता.

भीमथडी | मंगळवार, दुपारी १२:३०

शुद्धोदनाच्या कथेबद्दल जरा थांबून बोलू. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या सुरुवातीलाच हा मुद्दा घेतला आहे. पुस्तक १९५७ चं, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आलेलं. म्हातारा, आजारी आणि मृत ही दृश्यं रोजची. गृहत्याग केला तेव्हा सिद्धार्थ २९ वर्षांचा होता. एकोणतीस वर्षं त्याच्या नजरेला यातलं काहीच पडलं नाही, हे बुद्धीला पटत नाही. बाबासाहेब कारण देतात ते रोहिणी नदीच्या पाण्याचं. शाक्य आणि कोलीय यांचा तंटा, संघात युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा विरोध, आणि मग परिव्रज्या. त्याआधी धर्मानंद कोसंबींनीही मराठीतच या प्रसंगांवर बोट ठेवलं होतं. दीघनिकाय या पाली ग्रंथात ही दृश्यं विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाला दिसतात. तिथून ती गोतमाच्या चरित्रात आली.

मज्झिमनिकाय या दुसऱ्या पाली ग्रंथात बुद्ध स्वतः सांगतात ते चार ओळींत. तरुण होतो, केस काळे होते, आईवडिलांची इच्छा नव्हती, त्यांचे चेहरे आसवांनी भिजले होते, तरी मी केस-दाढी उतरवून घर सोडलं. कोणी काही 'सांगितलं' नव्हतं. त्याला सगळं माहीत होतं.

माझ्या आजोबांनी पाचव्या वर्षी मेलेलं ढोर ओढताना पाहिलं होतं, ओढायला हातही लावला होता. निरागसता राखायला आधी वाडा लागतो, वाड्याला भिंत लागते. ज्यांच्याकडे भिंत नव्हती त्यांच्या पोरांवर कुठलं पुराण लिहिलं गेलं?

खडूफळा | मंगळवार, दुपारी १:१०

@भीमथडी, शेवटच्या ओळीवर बराच वेळ थांबलो. उत्तर नाही.

फक्त बुद्धचरित लिहिणाऱ्या अश्वघोष कवीच्या बाजूने एक सांगतो. कथा खरी घडली नसेल, पण भिंतीचा मुद्दा त्यालाही दिसलाय. बुद्धचरितात राजकुमार बाहेर पडणार म्हणून राजा रस्त्यावरून लुळेपांगळे, म्हातारे, आजारी लोक हटवतो. मोठा पाहुणा येणार म्हटलं की आजही हेच होतं. म्हातारा दिसतो तो देवांनी मुद्दाम घडवलेला. सारथी खरं बोलून जातो कारण देवांनी त्याचीही बुद्धी फिरवलेली. आणि ऐकल्यावर राजपुत्र कसा हादरतो, तर जवळच वीज कोसळल्यावर बैल हादरतो तसा. चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं, ही उपमा दर वर्षी मागच्या बाकापर्यंत पोचायची. शेतकऱ्यांची पोरं होती, त्यांनी तसा बैल पाहिलेला असायचा.

रानजाई | मंगळवार, दुपारी ३:५५

धागा छान चाललाय, पण एक गोष्ट कोणालाच खटकली नाही? 'कोण आलं होतं' या प्रश्नाचं उत्तर दर वेळी 'बाई' आहे.

प्राचीन मेसोपोटेमियातल्या गिल्गमेश राजाची कथा घ्या. एन्किडूला देवीने मातीपासून घडवलं, अंगभर केस, हरणांबरोबर चरतो, पाणवठ्यावर जनावरांबरोबर पाणी पितो. पारध्याचे सापळे उखडून टाकतो म्हणून त्याच्याकडे शम्हात नावाची गणिका पाठवतात. सहा दिवस, सात रात्री. त्यानंतर तो कळपाकडे वळतो तर हरणं त्याला बघून पळतात. तो मागे धावू बघतो, गुडघे साथ देत नाहीत. पण मजकूर तिथेच सांगतो की त्याची समज वाढली होती. शम्हात आपल्या वस्त्राचा अर्धा भाग त्याला नेसवते, धनगरांच्या पालावर नेऊन भाकरी खायला आणि बिअर प्यायला शिकवते. सात घडे पितो आणि गाऊ लागतो. (इथेही आधी धान्य, @वसईची_केळी!)

पुढे मरणाच्या दारात हाच एन्किडू तिला शिव्याशाप देतो. तू आली नसतीस तर मी रानात सुखात होतो, असा सूर. तेव्हा सूर्यदेव शमश वरून ठणकावतो. जिने तुला देवांना शोभेल अशी भाकरी दिली, अंगावर वस्त्र दिलं, गिल्गमेशसारखा मित्र दिला, तिला शिव्या देतोस? मग तो शाप मागे घेऊन आशीर्वाद देतो. एवढं तरी त्या मातीच्या विटांवर लिहिलंय. हव्वेच्या बाजूने बागेत कोणी बोललं नाही.

आणि ऋष्यशृंगाच्या कथेतली गणिका नीट वाचा. राजाने बोलावलेल्या बायका घाबरतात, ऋषी शाप देईल म्हणून. एक म्हातारी पुढे होते. नावेवर झाडंझुडपं रचून तरंगता आश्रम बांधते आणि आश्रमात पाठवते ती आपल्या मुलीला. त्या मुलीचं वय काय, तिला काय माहीत होतं, परत आल्यावर तिला कोणी काही विचारलं का? ऋष्यशृंगाच्या निरागसतेवर अख्खे अध्याय. तिच्या वाट्याला नाव नाही.

अडकित्ता | मंगळवार, दुपारी ४:२०

किंचित दुरुस्ती. सहा दिवस सात रात्री हे एकदा नाही, दोनदा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहातला तुकडा वाचल्यावर लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रतींतला एकच प्रसंग समजत होते ते एकामागोमाग एक असे दोन प्रसंग आहेत. पहिल्यानंतर बोलणं होतं, मग पुन्हा आठवडा. म्हणजे माणूस व्हायला एक आठवडा पुरला नाही.

बाकी रानजाई ताईंशी सहमत. ग्रीक पुराणात पेटी उघडून जगात दुःखं सोडणाऱ्या पॅन्डोराचंही तेच. तिथे तर पेटीही नव्हती. मूळ कथा सांगणाऱ्या हेसिअड या ग्रीक कवीकडे मोठा रांजण आहे, सोळाव्या शतकातल्या लॅटिन रूपांतरात त्याची डबी झाली. रांजणाचं झाकण उघडणं आणि डबीत डोकावणं, यात बाईच्या स्वभावाबद्दल केवढा फरक पडतो बघा.

माणदेशी_माणूस | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मला एकच कळतं. आदामाने फळ खाल्लं तर जमिनीला शाप, काटे-कुसळं उगवतील, घाम गाळल्याशिवाय भाकर नाही. आणि ऋष्यशृंग राजवाड्यात पाऊल टाकतो न टाकतो तोच धो धो पाऊस. एका गोष्टीत पोराला शहाणपण आलं म्हणून रान वाळलं, दुसरीत पोराला अडाणी ठेवलं होतं म्हणून वाळलं होतं. आमच्याकडे 'धोंडी धोंडी पाणी दे' करून थकलेल्या माणसाला कुठली गोष्ट पटेल ते सांगायला नको.

उंबरठा | मंगळवार, रात्री ९:५०

@माणदेशी_माणूस, हे मला सुचलंच नव्हतं. बापाने स्वतःपुरतं जपलेलं अजाणपण, आणि त्यापायी अख्खा देश तहानलेला.

@रानजाई, खरंय. मी बापाच्या जागेवरून वाचत होतो, त्यामुळे म्हातारीची मुलगी दिसलीच नाही.

नांदणी_ते_नाशिक | मंगळवार, रात्री १०:३५

जैन परंपरेतलं थोडं. पूर्वी भोगभूमी होती, कल्पवृक्ष मागेल ते द्यायचे, जुळी जन्मायची, कष्ट नाहीत, भांडण नाही. हळूहळू झाडं देईनाशी झाली. लोक घाबरून गेले, तेव्हा पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनी असि (शस्त्र), मसि (लेखन), कृषि, विद्या, वाणिज्य, शिल्प ही सहा कर्मं शिकवली. इथे ज्ञानाने बाग गेली नाही. बाग आधी गेली, मग ज्ञान द्यावं लागलं.

आणि अजाणपणाचा त्रास कोणाला झाला, तर शिकवणाऱ्यालाच! दीक्षा घेतल्यावर ऋषभदेव आहाराला निघाले, तर मुनीला आहार कसा द्यायचा हे कोणालाच ठाऊक नाही. लोक भक्तीने हत्ती, रत्नं, कन्या पुढे करायचे. कित्येक महिने उपास घडला. शेवटी हस्तिनापुरात श्रेयांसाने उसाचा रस दिला, ती अक्षय्य तृतीया. आमच्या आईकडे त्या दिवशी अजून उसाचा रस असतो.

भीमथडी | मंगळवार, रात्री ११:१५

मग दीघनिकायातलं अग्गञ्ञ सुत्तही येऊ द्या, जगाच्या सुरुवातीची गोष्ट. सुरुवातीचे जीव स्वयंप्रकाशी, आकाशात फिरणारे. खाली पाण्यावर पृथ्वी धरली, कशी, तर तापवलेलं दूध निवताना त्यावर साय धरते तशी. एक जीव लोभी निघाला, त्याने बोटाने चाखून पाहिलं. चव आवडली. मग सगळेच खाऊ लागले आणि अंगचा उजेड गेला. तेव्हा कुठे चंद्र-सूर्य दिसले. शरीरं जड झाली, रूपाचा गर्व आला, पुढे स्त्री-पुरुष भेद आणि आडोसा हवा म्हणून घरं. मग साठवण, वाटण्या, चोरी, आणि चोरी आवरायला राजा. ज्ञानाला दोष नाही, देवाचा हुकूम मोडणं नाही. एक बोट आणि साय. आणि हे सगळं कशासाठी सांगितलं, तर जन्माने कोणी श्रेष्ठ नाही हे दाखवण्यासाठी.

पिंपळपान | मंगळवार, रात्री ११:२२

साय बोटाने खाणाऱ्यांत मीही. आमच्या घरातला उजेड त्यामुळेच गेला असं सासूबाईंचं मत आहे.

खडूफळा | बुधवार, सकाळी ६:४०

कठोपनिषद कोणी घेतलं नाही. वाजश्रवस यज्ञात सर्वस्व दान करतोय. मुलगा नचिकेत बघतोय. ज्या गायी नेल्या जाताहेत त्यांचं शेवटचं पाणी पिऊन झालंय, शेवटचं गवत खाऊन झालंय, दूध काढून संपलंय. म्हणजे भाकड गायी दानात. हे त्याला कोणीही सांगितलं नाही, सर्प नाही, गणिका नाही. त्याने गायी पाहिल्या आणि बाप कळला. मग तो विचारतो, बाबा, मला कोणाला देणार? दोनदा, तीनदा. बाप चिडून म्हणतो, तुला मृत्यूला देतो. यमाकडे पुढे जे मोठं ज्ञान मिळतं त्यावर भाष्यांचे ढीग आहेत. माझ्या मते मुलाचं मूलपण त्या गोठ्यातच संपलं होतं.

उलट उदाहरणही आहे. माती खाल्ली म्हणून यशोदा कृष्णाचं तोंड उघडायला लावते आणि आत ब्रह्मांड दिसतं. तिला सगळं कळतं. लगेच भागवतकार तिच्यावर माया पसरतो, ती विसरते आणि पोराला मांडीवर घेते. कारण कळलेलं तसंच राहिलं असतं तर रट्टा कोण देणार, लोणी कोण भरवणार? अर्जुनाला मात्र ती सवलत नाही. विश्वरूप पाहिल्यावर त्याला आठवतं, मी याला 'अरे कृष्णा, अरे यादवा, अरे मित्रा' म्हणत होतो, खेळताना, जेवताना, चारचौघांत थट्टा केली. क्षमा मागतो. ज्ञानेश्वर इथे रेंगाळतात, अमृत अंगण शिंपण्यात वाया घालवावं तसं झालं म्हणतात. मग अर्जुन विनवतो, ते आधीचंच रूप दाखव. कृष्ण दाखवतो. पण त्यानंतर अर्जुन पुन्हा पहिल्यासारखा 'अरे' म्हणू शकला असेल का, हा प्रश्न मी पेपरात कधी घातला नाही.

वसईची_केळी | बुधवार, सकाळी ९:१२

घालायला हवा होता, सर.

उंबरठा | शुक्रवार, रात्री ९:२०

काल रात्री चिरंजीवांना ऋष्यशृंग वाचून दाखवला, अर्थात गाळून. पोरगा बापाला पाहुण्याचं वर्णन करतो तो भाग त्याला फार आवडला. "बाबा, एक ब्रह्मचारी आला होता, त्याच्या लांब जटा सोन्याच्या दोरीत गुंफलेल्या, पायांत काहीतरी पाखरांसारखं वाजत होतं. त्याच्याकडे एक गोल अद्भुत फळ होतं, जमिनीवर आपटलं की उडी मारून हातात यायचं."

"बॉल!" चिरंजीव ओरडले. "त्याला बॉल माहीत नव्हता?" पोट धरधरून हसला.

मग विभांडक म्हणतो ते राक्षस असतात, त्यांच्या नादी लागू नकोस. बाप तीन दिवस रान पालथं घालतो, कोणी सापडत नाही. तो फळं आणायला जातो तेवढ्यात नाव येऊन मुलाला घेऊन जाते, आणि पाऊस.

"आणि त्याचे बाबा?"

हे मी विसरलो होतो, पान उलटून पाहिलं. विभांडक रागाने लाल होऊन अंगदेशाकडे निघतो. राजाने वाटेवर जागोजाग गायीगुरं, नांगर, गुराखी ठेवलेले. ऋषी विचारतो, ही कोणाची? ते म्हणतात, तुमच्या मुलाची. प्रत्येक मुक्कामी खाऊपिऊ घालतात. पोचेपर्यंत राग निवतो. मुलगा-सून बघतो आणि म्हणतो, तुला मुलगा झाला की रानात ये.

"म्हणजे तो एकटाच परत गेला?"

हो म्हटलं. थोडा वेळ गप्प होता, मग झोपला.

कडी अजून लागते. आज गिझर दुरुस्त झाला, त्यामुळे दाराशी बादली नेऊन ठेवायचंही काम उरलं नाही.

अडकित्ता | शुक्रवार, रात्री ९:४१

अवांतर: कॉइल गेली होती की थर्मोस्टॅट? आमचाही बंद पडलाय.